आठ भोकांच्या कार्डांबद्दल आभार

आदरणीय बाई,

सप्रेम नमस्कार.

पाचपाखाडीतल्या आपल्या वाचनालयात देवघेव खिडकीवर बसणारे आम्ही सगळे स्वयंसेवक मिळून हे पत्र लिहितो आहोत. मुद्दाम उघड लिहितो आहोत. तुम्ही बसवून दिलेली कार्डांची पद्धत कळव्यापासून नेरुळपर्यंत कुठल्याही छोट्या वाचनालयाला वापरता येण्यासारखी आहे. तुमचे आभार मानायचे तर ती पद्धत इतरांना नीट समजेल अशी सांगावी, हेच आम्हाला बरं वाटलं.

खिडकीवर लोक पुस्तक मागत नाहीत, माणूस मागतात. ‘फास्टर फेणेसारखा अजून कोणी आहे का?’, ‘कर्णासारखं काहीतरी द्या’, ‘ते अंतू बर्वा टाइप’. इथे ग्रंथालयाचं वर्गीकरण हात टेकतं. ड्यूईच्या दशांश पद्धतीत मराठी कादंबरीचा क्रमांक ८९१.४६३, आणि त्या एका क्रमांकाखाली बंडखोर, बापुडे, बेरकी असे सगळे लेखकाच्या आडनावाने शेजारीशेजारी उभे. संगणकात शोधावं तर तिथेही विषय सापडतो, स्वभाव सापडत नाही. तुम्ही पुस्तक बाजूला ठेवून पात्राचं कार्ड केलंत, इथेच निम्मं काम झालं.

आधी कार्ड कसं करायचं ते सांगतो. २५० जीएसएमची आयव्हरी कार्डशीट घ्यायची. ए-फोर आकाराच्या एका शीटमधून १२५ × ७५ मिलिमीटरची चार कार्डं निघतात, म्हणजे शंभर कार्डांना पंचवीस शीट. वरच्या लांब कडेला १४ मिलिमीटरच्या अंतराने आठ भोकं. भोकाचा मध्य कडेपासून ८ मिलिमीटर आत हवा. त्याहून जवळ घेतलं की वापराने कड फाटते आणि कार्ड उगीचच गळायला लागतं. साध्या एका भोकाच्या पंचने काम होतं, पण एका वेळी तीनच कार्डं दाबायची. चौथं घातलं की भोक तिरकं जातं आणि मग सुई अडते. उजवा वरचा कोपरा सगळ्या कार्डांचा तिरपा कापायचा, म्हणजे एखादं उलटं लागलं तर गठ्ठ्यात लगेच दिसतं.

प्रत्येक भोक म्हणजे एक गुण. पात्रात तो गुण असेल तर भोकापासून कडेपर्यंत कात्रीने खाच मारायची. नसेल तर भोक तसंच ठेवायचं. शोधताना साठेक कार्डांचा गठ्ठा सरळ करून हव्या त्या भोकातून दहा नंबरची विणायची सुई घालायची, उचलायची आणि हलकेच झटकायची. खाच असलेली कार्डं खाली पडतात, बाकीची सुईवर राहतात. दोन गुण हवे असतील तर पडलेल्यांचाच गठ्ठा करून दुसऱ्या भोकातून पुन्हा सुई घालायची. कार्डांचा क्रम लावायची गरज नाही, ही यातली मोठी सोय. गठ्ठा कितीही विस्कटला तरी बिघडत नाही.

चुकीची खाच पडली तर चिकटपट्टी लावू नये. ती सुईला चिकटते. त्याच कार्डशीटची पट्टी मागून डिंकाने डकवायची, वाळू द्यायची आणि भोक पुन्हा पाडायचं.

पुस्तकाला एक कार्ड नाही, पात्राला एक, हा तुमचा नियम नवीन माणसाला आधी जाचक वाटतो. ‘एकच प्याला’ची तीन कार्डं कशाला? कारण सुधाकर, सिंधू आणि तळीराम यांच्यावर जीव लावणारे वाचक तीन वेगळे असतात. गडकऱ्यांचं नाव ज्या गावातल्या रंगायतनाला आहे त्या गावात तरी तळीरामाला वेगळं कार्ड मिळायलाच हवं. याचा आणखी एक फायदा म्हणजे रावसाहेब मागणाऱ्याला ‘व्यक्ती आणि वल्ली’ जात नाही. रावसाहेब ‘गणगोत’मध्ये आहेत, आणि ही गफलत खिडकीवर सर्रास होते. कार्डावर पात्राच्या नावाखालीच पुस्तक आणि दाखल क्रमांक असला की होत नाही.

आता आठ गुण. पहिलं भोक ‘हक्क डावललेला’, दुसरं ‘जोडी’, तिसरं ‘डोकेबाज’, चौथं ‘लाडका खलनायक’, पाचवं ‘बंडखोर’, सहावं ‘ठाम बाई’, सातवं ‘वल्ली’ आणि आठवं ‘शेवट करुण’. शूर, सुंदर असे गुण तुम्ही घेतलेच नाहीत. माणसं पात्राच्या पराक्रमापेक्षा त्याच्या उणिवेला जास्त चिकटतात, हे तुमचं म्हणणं आणि कार्डांवरून आम्हालाही तेच दिसतं. फास्टर फेणे घ्या. फुरसुंगीचा काडीपैलवान पोरगा, ना ताकद, ना पैसा, ना कुठली जादू. अंगावर आलेल्या प्रसंगात डोकं चालवणं एवढंच त्याच्या हाती आहे. त्याला धिप्पाड करा, अर्धे वाचक जातील.

कर्णाच्या बाबतीत तुम्ही शिकवलेला उलटा प्रश्न तर सगळ्यांनी शिकून घ्यावा. ‘कर्णासारखा हवा’ म्हणणाऱ्याला कधीही लगेच सुई लावायची नाही. आधी विचारायचं, कर्णाचा कुठला प्रसंग? रंगभूमीवर सूतपुत्र म्हणून झालेला अपमान सांगितला तर पहिलं भोक. कृष्ण जन्माचं रहस्य सांगतो आणि तरीही कर्ण दुर्योधनाला सोडत नाही, हा प्रसंग सांगितला तर दुसरं. त्या वाचकाला अन्यायापेक्षा मैत्रीची ओढ आहे. कवचकुंडलांचा सांगितला तर बहुधा आठवं, कारण हातचं सगळं देऊन टाकणारा माणूस त्याला हवा आहे आणि अशा माणसाचं पुढे काय होतं ते त्याला माहीत आहे. एकाच नावामागे तीन वेगळ्या भुका असतात. ‘मृत्युंजय’ (१९६७) वाचलेल्याला ‘राधेय’ (१९७३) द्यायचं की नाही, हेही या उत्तरावरच ठरतं. पहिलीत कर्णासह सहा जण गोष्ट सांगतात. कुंती, शोण, वृषाली यांच्या नजरेतून कर्ण पाहायला ज्याला आवडलं, त्याला केवळ पुन्हा कर्णच आहे म्हणून दुसरं पुस्तक पुरेसं होईलच असं नाही.

म्हणूनच कार्डाच्या दर्शनी बाजूला तुम्ही ‘कोण सांगतं?’ ही ओळ ठेवलीत. नवख्याला ती ओळ फालतू वाटते आणि तो ती कोरी सोडतो. ती कोरी सोडू नका, असं आम्ही सगळ्यांना बजावतो. शेरलॉक होम्सच्या साठ कथा-कादंबऱ्यांपैकी छपन्न वॉटसनच्या तोंडून येतात. होम्स तऱ्हेवाईक, तुटक, कधीकधी उद्धटही. तो आपल्याला आवडतो, कारण त्याच्यावर जीव टाकणारा एक सरळ माणूस आपल्याला तो दाखवत असतो. होम्सवर खूश असलेल्या वाचकाला दुसरा गुप्तहेर दिला आणि पुस्तक चौथ्या दिवशी परत आलं, तर समजावं की त्याला वॉटसन हवा होता. अशांना आम्ही तुमच्या सांगण्याप्रमाणे चिमणराव आणि गुंड्याभाऊ देऊन बघतो. एक भित्रा कारकून, दुसरा पहिलवानी बाण्याचा. रहस्य औषधालाही नाही, पण दोघांपैकी एकाला वगळलं तर दुसरा उभाच राहत नाही. दुसऱ्या भोकाची खाच मारायची कसोटी हीच: एकाला काढून टाका, दुसरा उरतो का? उरत असेल तर ती जोडी नव्हे, नुसती सोबत.

होम्सला १८९३ साली लेखकाने मारला आणि १९०३ मध्ये वाचकांसाठी परत आणला. आपल्या ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय सुरू झालं तेही १८९३ सालीच. याचा एकमेकांशी काही संबंध नाही, पण खिडकीवर गप्पा सुरू करायला फार उपयोगी पडतं.

खलनायकांबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण चौथ्या भोकात सगळ्यात जास्त चुका होतात. पुस्तकात कोणी दुष्ट दिसला की लोक खाच मारतात. ‘लाडका’ हा शब्द विसरतात. तुमच्या कार्डावरची ‘काय हवंय?’ ही ओळ भरली की निवाडा होतो. ‘झपाटलेला’मधल्या (१९९३) तात्या विंचूला बाहुल्यातून सुटून पुन्हा माणसाचं शरीर हवं आहे. एका वाक्यात सांगता येणारी, पोरालाही कळणारी इच्छा. त्यात रामदास पाध्यांचा बोलका बाहुला, ठरलेला मंत्र आणि तो शेवटी हरणार याची खात्री. तळीरामाचंही तेच. आर्यमदिरामंडळ चालवणाऱ्या या माणसाला काय हवंय ते पहिल्या भेटीतच कळतं, आणि त्याची विनोदबुद्धी सुधाकराला खड्ड्यात घालते तरी आपण हसतोच. इच्छा एका ओळीत लिहिता आली नाही तर तो नुसता त्रासदायक इसम असतो. खाच मारू नये.

बंडखोरांच्या कार्डावर तुम्ही ‘समोर कोण?’ असं शिसपेन्सिलीने जोडलंत, तेही तितकंच नेमकं. घोडबंदर रोडच्या नाट्यगृहाला ज्यांचं नाव आहे त्या डॉ. काशिनाथ घाणेकरांनी गाजवलेला ‘अश्रूंची झाली फुले’मधला लाल्या, आणि ‘कोसला’मधला (१९६३) पांडुरंग सांगवीकर, दोघांनाही पाचवी खाच आहे. पण लाल्याच्या समोर प्राचार्य विद्यानंद उभे आहेत. सांगवीकराच्या समोर नेमकं कोणी नाही, आणि हीच त्याची पंचाईत. लाल्या आवडणाऱ्याला भांडायला आणि शेवटी मानायला एक वडीलधारा लागतो. त्याला ‘कोसला’ दिलं तर तो वैतागतो. सांगवीकर आवडणाऱ्याला लाल्या नाटकी वाटतो. खाच एकच, म्हणून आम्ही सुईनंतर ही ओळ वाचल्याशिवाय पुस्तक काढत नाही.

ठाम बाईत सिंधू घालायची नाही, ती पहिल्यात आणि आठव्यात. ‘शांतता! कोर्ट चालू आहे’मधली बेणारे सहाव्यात. ‘स्त्रीप्रधान काहीतरी द्या’ या मागणीवर यापलीकडे आम्हाला अजून चांगला प्रश्न सापडलेला नाही. वल्लींचं सोपं असतं, कारण त्यांचे चाहते स्वतःच येऊन अर्धं पान म्हणून दाखवतात.

एका कार्डाला जास्तीत जास्त तीन खाचा, ही मर्यादा तुम्ही घातलीत त्याचं कारणही इथे लिहून ठेवतो. आवडत्या पात्राचं कार्ड करताना हात सैल सुटतो. पाच-सहा खाचा पडलेलं कार्ड जवळजवळ कुठल्याही भोकातून सुई घातली तरी खाली येतं, मग खिडकीवरचा माणूस प्रत्येकाला तेच पुस्तक देत सुटतो. चौथी खाच मारावीशी वाटली तर आधीची एक बुजवायची.

आठवं भोक उलट्या बाजूने वापरायचं असतं, आणि सगळ्यात जास्त सुई त्याच्यातूनच जाते. परीक्षेच्या दिवसांत, दवाखान्यात कोणाजवळ बसायचं असताना, किंवा नुकतंच घरात काही घडलेलं असताना लोक सांगतात की आवडलेला माणूस शेवटी मरायला नको. मग आधी हव्या त्या गुणाची सुई, आणि पडलेल्या कार्डांना आठव्यातून दुसरी सुई. या वेळी सुईवर राहिलेली कार्डं घ्यायची. ‘श्यामची आई’, ‘एकच प्याला’ खाली पडतात, फास्टर फेणे वर राहतो. ‘बनगरवाडी’वर वाद होतो. तिथे एखाद्या माणसापेक्षा गावच उठतं. तुम्ही खाच मारली होतीत, आम्हीही ती ठेवली आहे.

कार्डाच्या मागच्या बाजूची पद्धत तशीच चालू आहे: वाचकाने ‘असंच अजून’ मागितलं तर शिसपेन्सिलीने टिक, न वाचता परत केलं तर फुली. तीन फुल्या झाल्या की कार्ड पुन्हा तपासायचं. दोष बहुतेक वेळा खाचेत असतो, पुस्तकात नाही. बाकी मजकुराला पेन बॉलपेनच, जेलपेनची शाई जुलैत पसरते. पावसाळ्यात कार्डं दमट होऊन एकमेकांना धरून राहतात, खाच असूनही पडत नाहीत आणि चांगलं पुस्तक शोधातून निसटतं. झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवायच्या आणि वापरण्याआधी गठ्ठा पत्त्यांसारखा पिसायचा. उन्हात वाळवलं तर कार्डं वाकतात, पंख्याखालीच पसरावीत.

एक अडचण मात्र तुमच्यासमोर ठेवायची आहे. घोडबंदरकडच्या सोसायट्यांतली मुलं आता जपानी मांगातली, म्हणजे तिकडच्या चित्रकथांतली पात्रं मागतात. पहिली सात भोकं त्यांना चपखल बसतात, विशेषतः पहिलं आणि दुसरं. प्रश्न आठव्याचा आहे. ‘वन पीस’ १९९७ पासून चालू आहे आणि अजून संपलेलं नाही. शेवट करुण की नाही, काय लिहायचं? सध्या आम्ही भोक तसंच ठेवून बाजूला शिसपेन्सिलीने ‘चालू’ असं लिहितो, पण त्यामुळे ती कार्डं सुईवर राहतात आणि ‘मरायला नको’ म्हणणाऱ्यांच्या हाती जातात. चालू मालिकांसाठी डाव्या आखूड कडेला नववं भोक पाडावं, असं आमच्यातल्या काहींचं मत आहे. आखूड कडेतून सुई घालायची तर गठ्ठा आडवा धरावा लागेल आणि तिरप्या कोपऱ्याची खूण चुकेल, असं बाकीच्यांचं. सवडीने तुमचं मत कळवावं. तोवर नवीन कार्डांना ती कड कोरी ठेवली आहे.

आपले नम्र,
देवघेव खिडकीवरचे स्वयंसेवक,
पाचपाखाडी, ठाणे