कुरणातलं पाणी वाचायला शिकवणाऱ्या ताईंना

आदरणीय ताई,
स. न. वि. वि.

दक्षिण कोकणात सड्याच्या (जांभ्या खडकाच्या सपाट माथ्याच्या) पायथ्याला ज्यांची गुरं चरतात, अशा आम्हा दूध उत्पादकांचं हे पत्र. माती परीक्षणाचा कागद देऊन तुम्ही मोकळ्या झाला नाहीत. कुरणात उतरून खड्डे खणायला लावलेत आणि त्यात काय दिसतंय ते समजावलंत. त्याबद्दल मनापासून आभार. पत्र सर्वांसाठी खुलं ठेवतोय, कारण ही माहिती आणखी पुष्कळ गोठ्यांना हवी आहे.

सगळ्यात मोलाचं तुम्ही सांगितलंत ते हे, की भर पावसातल्या ओल्या मातीच्या सामूवर (पीएचवर; हा आकडा जितका कमी तितकी माती आम्ल) विसंबू नका. जांभ्याच्या मातीत लोह भरपूर. पाणी साचून हवा कोंडली की जिवाणू त्या लोहाचं रूप पालटतात आणि त्यात आम्ल खर्ची पडतं. उन्हाळ्यात ५.२ असलेला सामू काही आठवड्यांत साडेसहाच्या आसपास चढतो. पाणी ओसरून हवा शिरली की तो पुन्हा उतरतो. म्हणून नमुना एप्रिलमध्ये घ्यायचा. इंग्रजी व्ही आकाराचा १५ सेंटीमीटर खोल खड्डा, नागमोडी चालत १५ ते २० जागा. शेणाची जागा, झाडाखालची आणि गुरं बसतात ती माती टाळायची. उंचवट्याचा नमुना वेगळा, खोलगटाचा वेगळा. सावलीत वाळवून २ मिलिमीटरच्या चाळणीतून काढलेली २० ग्रॅम माती, ५० मिली पाणी, मग मोजणी.

मातीतलं आम्ल मारायला चुना टाकण्याआधी पाण्याचा निचरा, हा तुमचा आग्रह होता. तीन फुटी खड्ड्यात पाणी कुठून येतं ते बघा, म्हणालात. तळातून वर चढत असेल तर भूजलच उंच आहे. सड्याकडच्या बाजूने झिरपत असेल तर कुरणाच्या मधोमध चर मारून काही होत नाही. वरच्या कडेला, उताराला आडवा चर कठीण थरापर्यंत न्यायचा आणि ते पाणी आत येण्याआधीच अडवून बाजूला काढायचं. वर चिखल नि वीतभर खाली कोरडं, तर दोष खुरांनी दाबलेल्या थराचा. तो पावसाळ्यानंतर फोडायचा, पण त्या खोलीची माती हातात भुगा होत असेल तरच. वळून वात होत असेल तर अवजाराने ती आणखी लिंपली जाते. खड्ड्याच्या भिंतीवर करड्या मातीत गंजाचे ठिपके जिथे सुरू होतात, तिथवर पाणी दरवर्षी चढतं. ही खूण पाऊस नसतानाही दिसते.

डबक्यावरच्या रंगीत तवंगाचंही तसंच. काडी लावली की तुकडे पडून वेगळे राहतात तो लोहाचा, लगेच परत जुळतो तो तेलाचा. लोहाचा असेल तर छिद्रांचे पाइप पुरू नका, तांबूस गाळाने ते बुजतात. उघडा चर बरा, शंभर फुटांना अर्धा ते एक फूट उतार, कडा तिरप्या. खणलेली माती काठावर रचायची नाही, पसरून टाकायची. नाहीतर तोच बांध होऊन पाणी अडवतो.

खाडीकाठच्या कुरणाबद्दल तुम्ही दिलेला इशारा आम्ही सगळ्यांना सांगतो. चिखल काळा, सडक्या अंड्याचा वास, अशा जागी घाईने चर खणायचा नाही. केरळात कुट्टनाडच्या करी जमिनीत होतं तसं, आतल्या गंधकाच्या संयुगांना हवा लागली की गंधकाम्ल तयार होतं आणि सामू चारच्याही खाली जातो. आधी ढेकूळ ओलसर ठेवून काही आठवडे हवेत राहू द्या, पुन्हा सामू मोजा. तो कोसळला तर ती जागा पाण्याखालीच असू द्या.

मग चुना. शुद्ध कॅल्शियम कार्बोनेटची (चुनखडीची) आम्ल मारायची ताकद १०० धरली तर विरलेल्या चुन्याची १३५ आणि कळीच्या चुन्याची १७९ भरते, हे कळल्यावर पोत्यांचा हिशोबच बदलला. शिफारस एकरी २ टन आणि हाती आलेल्या चुनखडीच्या भुकटीची ताकद ८० असेल तर अडीच टन लागते. उभ्या गवतावर एका वेळी एक टनाच्या वर नको, म्हणून तीन हप्ते. वरून टाकलेला चुना हळूहळूच खाली उतरतो. टाकायचा ऑक्टोबरात, तेव्हा ओल असते आणि तो ओढ्याला वाहून जात नाही. कळीचा चुना गुरांचं तोंड भाजतो, तो चाऱ्यावर नकोच. चुन्यासोबत युरिया किंवा शेण टाकलं तर नत्र अमोनिया होऊन उडून जातं. रॉक फॉस्फेट (स्फुरदाचं दगडी खत) मात्र चुन्याआधी, कारण ते आम्लातच विरघळतं. आणि १०० किलो अमोनियम सल्फेटने येणारं आम्ल मारायला सुमारे ११० किलो चुनखडी लागते, हे खत घेताना लक्षात राहतं.

खोलगटात पॅरा गवत, दोन-तीन डोळ्यांचे तुकडे लावून. संकरित नेपियर बांधावर, साचल्या पाण्यात त्याची मुळं कुजतात. पॅरा चरात उतरून तो बुजवतं, त्यामुळे काठ दर महिन्याला कापायचा. चालताना आपली टाच मातीत रुतली की गुरं बाहेर, कापून गोठ्यात चारा. तेही पाण्याच्या रेषेवरचंच गवत, कारण खाली गोगलगाईतून आलेल्या यकृत कृमीच्या गाठी चिकटलेल्या असतात. जबड्याखाली सूज दिसली तर शेण तपासून घ्यायचं, औषध पशुवैद्यकांना विचारून, आणि औषधाच्या मुदतीतलं दूध डेअरीला घालायचं नाही.

ताई, या एप्रिलचे नमुने खोलगट आणि उंचवटा अशा चिठ्ठ्या लावून पाठवतो आहोत. सवडीने कुरणावर या.

आपले कृतज्ञ,
सड्याखालचे दूध उत्पादक