आरोग्यमंत्री साहेब, घामाची टेस्ट खान्देशात होऊ द्या

मा. आरोग्यमंत्री साहेब, नमस्कार.

मी चोपडा तालुक्यातला केळीवाला शेतकरी, माझ्या पोराला सिस्टिक फायब्रोसिस नावाचा जन्मजात आजार आहे. तो वर्षाचा असल्यापासून माझी माय म्हणायची, "पोऱ्या खारा लागस." पापा घेतला की ओठाला मीठ, आणि मे महिन्यात आमच्याकडे पारा ४५ ला गेला की त्याच्या टोपीच्या कडेला मिठाची पांढरी रेघ उमटायची. आम्ही हसण्यावारी नेलं. खोकला जाईना म्हणून एका डॉक्टरांनी टीबी समजून दोनदा कोर्स दिला, शेवटी सातव्या वर्षी मुंबईला घामाची टेस्ट झाली, घामातलं क्लोराइड, म्हणजे मिठाचा अंश, ६० च्या वर असलं की हा आजार धरतात, याचं ९८ निघालं.

साहेब, यात सीएफटीआर नावाचा जीन बिघडतो, तो १९८९ मध्येच सापडलाय. फुफ्फुसातला कफ डिंकासारखा होतो. नव्या गोळ्या ठराविक म्युटेशनलाच, म्हणजे जीनमधल्या ठराविक बिघाडालाच, लागू पडतात. म्हणून माझा जीव जीन थेरपीत अडकलाय, त्यात निरुपद्रवी केलेल्या व्हायरसमध्ये चांगला जीन भरून फुफ्फुसात सोडतात, मग म्युटेशन कुठलंही असो. १९९३ मध्ये अडिनोव्हायरसपासून सुरुवात झाली, पण शरीर त्याला ओळखतं अन् पुढचा डोस वाया जातो. एएव्ही नावाच्या दुसऱ्या छोट्या व्हायरसमध्ये डीएनएची जेमतेम ४७०० अक्षरं मावतात, या जीनचा कामाचा भागच ४४०० च्या आसपास, म्हणजे पोतं गच्च भरलं आणि तोंड बांधायला जागा नाही असं. लेन्टिव्हायरस नावाच्या तिसऱ्या व्हायरसमध्ये जागा जास्त, तो जीन पेशीच्या डीएनएतच बसवतो, युरोपात त्याच्या माणसांवर चाचण्या सुरू झाल्यात.

आणि लेन्टिव्हायरस आपल्याला नवा नाही हो! आयआयटी मुंबई आणि टाटा हॉस्पिटलमधून निघालेली कॅन्सरची नेक्सकार१९ थेरपी त्यावरच उभी आहे, २०२३ मध्ये तिला परवानगी मिळाली. ते हात फुफ्फुसाच्या कामालाही लावा, त्यासाठी पैसा द्या.

पण आधी पेशंट तर सापडले पाहिजेत. जळगाव, धुळे, नंदुरबारच्या सरकारी मेडिकल कॉलेजात घामाची टेस्ट रोज होईल अशी सोय करा, आणि ज्याची पॉझिटिव्ह येईल त्याची जीन तपासणी फुकट करून राज्याच्या एका यादीत नोंद ठेवा, म्हणजे उद्या जीन थेरपीची चाचणी इथे आली तर आमच्या पोरांना बोलवायला कुणाकडे तरी नाव असेल. हे मेच्या आत झालं पाहिजे साहेब, कारण आमच्या उन्हात या पोरांचं मीठ घामावाटे निघून जातं आणि ती एका दुपारीत कोमेजतात.

आपला,
एक बाप, चोपडा, जि. जळगाव