लघुग्रहाची बातमी पूर्ण छापा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

दर एक-दोन महिन्यांनी पेपरात एक हेडिंग हमखास दिसतं, विमानाएवढा लघुग्रह पृथ्वीच्या दिशेने, नासाचा अलर्ट वगैरे. आत वाचलं की कळतं तो पन्नास लाख किलोमीटरवरून जाणारे, म्हणजे चंद्र आहे त्याच्या तेरापट लांबून! ‘संभाव्य धोकादायक’ हे पण असंच. साधारण १४० मीटर किंवा त्याहून मोठा आणि ज्याची कक्षा आपल्या कक्षेपासून ७५ लाख किमीच्या आत येते अशा प्रत्येकाला हा शिक्का बसतो, तो आदळणारच असं त्यात काही नाही.

पण माझी मुख्य तक्रार २०२४ वायआर४ या लघुग्रहाच्या बातम्यांबद्दल आहे. डिसेंबर २०२४ मधे चिलीतल्या ॲटलास दुर्बिणीला हा सापडला, २२ डिसेंबर २०३२ ला तो आदळण्याची शक्यता आधी एक टक्का मग वाढत वाढत १८ फेब्रुवारी २०२५ ला ३.१ टक्के झाली आणि तेव्हा सगळीकडे मोठमोठी हेडिंगं. पुढच्या आठवड्याभरात ती जवळपास शून्यावर आली, ती बातमी मात्र कुठेतरी कोपऱ्यात. मग लोक म्हणतात आधी घाबरवलं आणि नंतर शब्द फिरवला.

शब्द कोणी फिरवला नव्हता. नवीन लघुग्रहाची निरीक्षणं थोडीच असतात त्यामुळे त्या तारखेला तो नक्की कुठे असेल ते एका बिंदूवर सांगता येत नाही, एक लांबलचक पट्टा मिळतो आणि त्या पट्ट्यात पृथ्वी कुठेतरी असते. निरीक्षणं वाढली की पट्टा आखूड होतो, पृथ्वी तेवढीच राहते, म्हणून पट्ट्यातला तिचा वाटा वाढतो म्हणजेच टक्के वाढतात. एक दिवस पट्टा इतका आखूड होतो की पृथ्वी त्याच्या बाहेर राहते आणि आकडा धाडकन पडतो. २००४ च्या डिसेंबरात अपोफिस नावाच्या लघुग्रहाचं पण हेच झालं होतं, २.७ टक्क्यांपर्यंत गेला होता आणि मग खाली आला. हे चार ओळीत सांगता येतं, कोणी सांगत नाही!

आणि ज्याची खरी काळजी करावी त्यावर कोणी लिहित नाही. एक किलोमीटरपेक्षा मोठे बहुतेक सगळे सापडलेत, पण १४० मीटरच्या वरचे निम्मे सुद्धा सापडलेले नाहीत असा अंदाज आहे. १५ फेब्रुवारी २०१३ ला रशियात चेल्याबिन्स्कवर जो फुटला तो जेमतेम २० मीटरचा, सूर्याच्या दिशेकडून आला म्हणून आधी कोणालाच दिसला नाही. सुमारे दीड हजार लोक जखमी झाले ते बहुतेक काचांनी, कारण लख्ख उजेड दिसला म्हणून बरेच जण खिडकीशी गेले आणि हवेचा धक्का नंतर आला. उजेड दिसला तर खिडकीपासून लांब व्हा, हे एक वाक्य शंभर अलर्टपेक्षा जास्त उपयोगाचं आहे असं मला वाटतं.

उपाय नाही असं पण नाही. सप्टेंबर २०२२ मधे नासाने डार्ट यान डिमॉर्फोसवर, म्हणजे एका मोठ्या लघुग्रहाभोवती फिरणाऱ्या छोट्या लघुग्रहावर, मुद्दाम आदळवलं आणि त्याच्या एका फेरीचा वेळ साधारण अर्ध्या तासाने कमी झाला. पण त्यासाठी लघुग्रह काही वर्षं आधी सापडायला लागतो, म्हणजे पैसा आधी दुर्बिणींवर खर्च व्हायला हवा.

आता १३ एप्रिल २०२९ ला अपोफिस जमिनीपासून फक्त ३२ हजार किमीवरून जाणारे, बऱ्याच उपग्रहांपेक्षा जवळून, नुसत्या डोळ्यांनी दिसेल. आदळणार नाही, पुढची शंभर वर्षं तरी त्याचा धोका नाही हे २०२१ मधेच स्पष्ट झालंय. तरी हेडिंगं काय येतील ते मला आत्ताच दिसतंय. निदान तुम्ही तरी अशा प्रत्येक बातमीत अंतर चंद्राच्या किती पट आणि टोरिनो स्केलवर किती (आदळण्याचा धोका मोजायचं ते माप ० ते १० असतं, अपोफिस ४ वर गेला होता, त्याहून वर आजवर कोणीच गेला नाही) हे दोन आकडे छापा, आणि शक्यता शून्य झाली की ती बातमी पण पहिल्याच पानावर घ्या.

आपला,
एक नियमित वाचक