तांबट आळीच्या फोटोंविषयी सुहासला पत्र

कसबा पेठ, पुणे

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

दिवाळीत तू तांबट आळीत काढलेले फोटो पोहोचले आणि तेव्हापासून मी ते टेबलावर मांडतो आहे, मोडतो आहे, पुन्हा मांडतो आहे. एकेक फोटो घेतला तर तो उत्तमच आहे. पण तुला त्यांतून आळीची गोष्ट सांगायची आहे आणि ती मला अजून सापडलेली नाही. याचे कारण मला असे वाटते की प्रत्येक फोटो एकट्याने भिंतीवर शोभेल का, एवढेच पाहून तू निवड केली आहेस. मालिकेतल्या फोटोला शेजाऱ्याची गरज भासली पाहिजे.

अमेरिकन छायाचित्रकार युजीन स्मिथने १९४८ साली ‘लाइफ’ नियतकालिकासाठी कोलोरॅडोतल्या क्रेमलिंग या छोट्या गावातील डॉ. अर्नेस्ट सेरियानी यांच्यावर केलेली छायाचित्रमालिका तू शांतपणे पाहावीस. तिच्या शेवटी डॉक्टर हातात कॉफीचा कप घेऊन टेकून उभे आहेत. हा फोटो सुटा पाहिला तर एक थकलेला माणूस दिसतो, त्यापलीकडे काही नाही. परंतु घोड्याची लाथ लागलेली लहान मुलगी आणि तिला टाके घालताना डॉक्टरांच्या चेहऱ्यावर उमटलेली काळजी आपण आधी पाहिलेली असते, आणि म्हणूनच त्या थकव्याचे वजन आपल्याला जाणवते. ते वजन कॉफीच्या फोटोत नाही. आधीच्या फोटोंनी ते आपल्या मनात साठवलेले असते.

त्याच्या सत्तर वर्षे आधी, १८७८ मध्ये, छायाचित्रकार मायब्रिजने कॅलिफोर्नियात घोड्याच्या धावपट्टीलगत १२ कॅमेरे ओळीने मांडले आणि धावताना घोड्याचे चारही पाय एका क्षणी जमिनीवरून सुटलेले असतात, हे दाखवून दिले. ते काम थोर आहे, पण तो पुरावा आहे, गोष्ट नव्हे. पुराव्याला ठरावीक अंतर लागते. गोष्टीत मात्र दोन फोटोंच्या मध्ये कधी एक श्वास जातो, तर कधी अख्खी रात्र. तुझा पत्रा कापण्यापासून हंडा तयार होण्यापर्यंतचा क्रम सध्या मायब्रिजच्या वाटेने चालला आहे.

आपल्याकडे एकामागून एक चित्रांतून गोष्ट सांगण्याची ही कला जुनी आहे. कुडाळजवळच्या पिंगुळीतले ठाकर कलावंत चित्रकथीच्या पोथीतले एकेक चित्र प्रेक्षकांसमोर धरतात आणि वाद्यांच्या साथीने आख्यान गातात. (तिथल्या परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली, याचा मला फार आनंद झाला होता.) दोन चित्रांमधली जागा तिथे गाणारा भरून काढतो. आपल्या मालिकेत गाणारा नाही, आणि फोटोखालच्या ओळींवर ते ओझे टाकणे मला मुळीच पसंत नाही. ती जागा पाहणाऱ्याने स्वतः भरावी, अशी दोन चित्रे शेजारी आली पाहिजेत.

उदाहरण तुझ्याच पाकिटात आहे. मठारकाम, म्हणजे भांडे ठोकून घडवण्याचे काम, करणाऱ्या कारागिराने हातोडा उचललेला तो फोटो तू अग्रभागी ठेवलास, आणि वरच्या मजल्यावरची बाई खिडकी लावून घेत असलेला, किंचित हललेला फोटो ‘नापसंत’ असे लिहून वेगळा काढलास. मी हे दोन्ही एकाशेजारी एक ठेवले आणि आळीतली ठोकाठोक मला अक्षरशः ऐकू आली! क्रम उलटा केला की आवाज नाहीसा होतो. बाई संध्याकाळ झाली म्हणून खिडकी लावते आहे, एवढेच वाटते. त्यानंतर मी ओट्यावर अभ्यास करणाऱ्या मुलाचा फोटो ठेवला. त्याने वहीतून मान वर केलेली नाही, आणि एवढ्या एका गोष्टीवरून तो कोणत्या घरात वाढला आहे ते समजते. चकचकीत हंड्यांच्या दुकानाचे तीन फोटो मी बिनदिक्कत काढून टाकले आहेत. तू रागावशील, पण त्यांच्यापाशी मालिका थबकते.

तेव्हा बाकीचे सगळे नापसंत फोटो, हललेले आणि अर्धवट कापले गेलेलेसुद्धा, लवकर पाठव. शेवट कोणता करायचा हे मी अजून ठरवलेले नाही, आणि तुझ्याकडच्या फोटोंमध्ये तो असावा असा माझा दाट अंदाज आहे. भट्टी विझल्यानंतर तू तिथे थांबला होतास ना? त्या वेळचे काही काढले असेल तर आधी तेच पाठव.

काकूंना नमस्कार सांग.

तुझा,
अनंत