चाळींचे रंगकाम आणि लहान मुले

संपादक महोदय,

दिवाळी जवळ आली की गिरगावातल्या जुन्या चाळींत रंगकामाची घाई उडते. आमचा वडिलांपासून हाच धंदा. त्या अनुभवावरून सांगतो, नव्या रंगापेक्षा काळजी वाटते ती खरवडलेल्या जुन्या रंगाची.

लाकडी कठडे, दारे, जिन्याचे गज यांवर कित्येक वर्षांचा ऑइलपेंट साचलेला असतो. खरवडायचा पत्रा मारला की क्रीमखाली हिरवा, हिरव्याखाली पिवळा निघतो आणि लोखंडावर अगदी तळाशी शेंदरी प्रायमर. जुन्या पिवळ्या-केशरी रंगांत बहुधा लेड क्रोमेट असे, गंजरोधक प्रायमरमध्ये शेंदूर. दोन्ही शिशाचीच संयुगे. सुका पॉलिश पेपर फिरवला की त्याची पिठासारखी धूळ गॅलरीभर बसते. तिथेच मुले रांगतात, बोटे तोंडात घालतात. हा रंग चवीला गोडसर, त्यामुळे पडलेले पोपडेही चघळतात. पोटात गेलेले शिसे मुलांच्या अंगात मोठ्यांच्या चार-पाच पट मुरते, मेंदूची झालेली हानी भरून येत नाही. मूल किरकिरे झाले, अभ्यासात मागे पडले, तर आईबापांच्या मनात कठड्याचा रंग येणार तरी कसा?

नोव्हेंबर २०१७ पासून घरगुती रंगांत शिशाची मर्यादा ९० पीपीएम (दहा लाख भागांत ९० भाग) झाली, हे फार चांगले झाले. पण तो नियम नव्या डब्याला लागू. चाळीच्या अंगावर आधीच बसलेल्या रंगाचे काय? अमेरिकेत १९७८ पूर्वीच्या घरांत मजुरीवर असे काम करायला कंत्राटदाराला प्रमाणपत्र लागते. आमच्या हाती पडणाऱ्या निविदांत ‘जुना रंग खरवडून’ एवढेच लिहिलेले असते.

म्हाडाच्या (राज्याच्या गृहनिर्माण प्राधिकरणाच्या) दुरुस्ती मंडळाने उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या जुन्या इमारतींच्या कामात स्पष्ट अट घालावी: सुके घासकाम आणि ब्लो लॅम्प (ज्योतीने रंग जाळून काढणे) बंद, पाणी मारूनच खरवडणे, खाली प्लास्टिक, पोपडे पोत्यात बांधून बाहेर. काम संपेपर्यंत लहान मुले आणि गरोदर बायकांची सोय दुसरीकडे. नंतर झाडू नको, ओल्या फडक्याने पुसणे. आमच्या कारागिरांना मास्क आणि कपडे बदलायला जागाही हवी, कारण तीच धूळ अंगावर घेऊन ते घरी जातात आणि पोराला कडेवर उचलतात.

ओल्या कामाला वेळ जास्त जातो, मजुरी वाढते. तेव्हा निविदेत तसा दर धरावा, नाहीतर अट कागदावरच राहील.

— एक रंगकाम कंत्राटदार, गिरगाव, मुंबई