मंत्रिमहोदय, ‘दिवा आहे का’ एवढंच विचारू नका

प्रति,
मा. परिवहन मंत्री

महोदय, स.न.वि.वि.

मी ट्रेलरांचं वायरिंग करतो. ट्रान्सफॉर्मर, पवनचक्कीची पाती, पुलांचे गर्डर असला रस्त्याच्या मापात न बसणारा माल घेऊन निघालेल्या गाड्या बहुतेक वेळा आदल्या संध्याकाळी आमच्याकडे येतात. परवाना तयार असतो. दिव्यांबद्दल त्यात पिवळा चमकता दिवा हवा, यापलीकडे फारसं काही नसतं. मग हाताला येईल तो दिवा टपावर चढतो आणि कागदाचं समाधान होतं.

मागणी एकच आहे. अशा गाडीवर दिव्यांना दोन कामं असतात: लांबून सावध करायचं, आणि माल कुठे संपतो ते दाखवायचं. नियमात ही दोन्ही वेगवेगळी लिहा, कारण एकच दिवा दोन्ही करू शकत नाही.

चमकता दिवा नजर खेचतो, यात वाद नाही. पण अंधारात त्याच्यावरून अंतर कळत नाही आणि रुंदी तर मुळीच नाही. जुन्या झेनॉन स्ट्रोबचा, म्हणजे झपकन चमकणाऱ्या वायूच्या दिव्याचा, झटका इतका क्षणिक असतो की डोळ्याने तो धरेपर्यंत पुन्हा काळोख. केबिनच्या टपावर मधोमध एक दिवा फिरतोय, एवढ्यावरून मागच्याने काय समजायचं? नेहमीचा ट्रक आहे, हळू चाललाय, काढू पुढे. लेन असते साधारण 3.5 मीटरची आणि माल असतो 4.5 मीटरचा. ताशी 80 किलोमीटरने येणारी गाडी सेकंदाला 22 मीटर कापते. दिसलं, उमगलं, पाय ब्रेकवर गेला, यात अडीच सेकंद धरले तरी 55 मीटर गेलेले असतात आणि ब्रेक अजून लागायचाच असतो. म्हणून मालाच्या अगदी बाहेरच्या टोकांवर न चमकणारे, स्थिर दिवे हवेत. शेजारी परावर्तक पट्टी हवी. वायर तुटली तरी तिचं काम चालू राहतं.

आता टपावरच्या दिव्याकडे या. खोक्यावर छापलेलं असतं, 360 अंशांतून दिसतो. दिसतो, पण गाडी रिकामी असताना. मागे केबिनहून उंच ट्रान्सफॉर्मर बसला की निम्मं वर्तुळ झाकलं जातं, आणि नेमकं तेच निम्मं मागून येणाऱ्यासाठी होतं. तेव्हा मालाच्या मागच्या टोकाला वेगळा दिवा सक्तीचा करा. पात्यासारखा माल ट्रेलरच्याही मागे बराच बाहेर येतो. तिथवर वीज न्यायची कशी, हा खरा घोळ. ट्रेलरच्या सॉकेटमधून वायर ओढायची, जोडाला काळी टेप गुंडाळायची, पट्ट्यांना बांधून टाकायची. किंवा सरळ बॅटरीवरचा चुंबकाचा दिवा चिकटवायचा. ॲल्युमिनियमवर आणि फायबरवर चुंबक धरत नाही, हे पुष्कळांना दिवा रस्त्यावर पडल्यावर कळतं. बॅटरी मध्यरात्री मान टाकते आणि केबिनमध्ये बसलेल्याला पत्ताही लागत नाही. इंडिकेटर चालू आहे की नाही हे डॅशबोर्डवर दिसतं, तर मग मागच्या टोकाचा दिवा विझल्याची खूण केबिनमध्ये का नको?

प्रखरतेबद्दल जरा स्पष्ट लिहितो, कारण गाडीमालकांशी रोज वाद होतो तो इथे. जितका झगझगीत तितका बरा, अशी समजूत आहे. भर उन्हात ती खरी आहे. तिथे मंद दिवा असून नसल्यासारखा. पण रात्री तोच दिवा मागच्याचे डोळे दिपवतो, पावसात आणि धुक्यात त्याचा उजेड थेंबांवरून उलटा डोळ्यात येतो, आणि ब्रेकलाइटला लागून बसवला असेल तर ब्रेक लागल्याचंही कळत नाही. यावर उपाय शोधत बसायला नको. संयुक्त राष्ट्रांच्या नियम क्र. 65 मध्ये अशा दिव्यांचे दोन वर्ग आहेत: एकाच प्रखरतेचा, आणि दिवसा एक व रात्री एक अशा दोन पातळ्यांचा. रात्री चालणाऱ्या मोठ्या मालासाठी दुसरा वर्ग सक्तीचा करा. त्याच नियमात चमकण्याचा वेग सेकंदाला 2 ते 4 वेळा असा बांधून दिला आहे. हल्ली एलईडी दिव्यात पंधरा-वीस तऱ्हांची लुकलुक भरून मिळते, आणि ड्रायव्हरला आवडते नेमकी सगळ्यात उतावळी. त्यात चार दिवे आपापल्या तालावर चमकले की जत्रा! अतिवेगाने लुकलुकणारा प्रकाश प्रकाशसंवेदनशील अपस्मार असलेल्यांना झटका आणू शकतो, ही गंमत नव्हे. एका गाडीवरचे दिवे एका तालात असावेत, एवढं लिहिलं तरी पुष्कळ झालं.

बाकीचं थोडक्यात. मोठ्या ट्रकची वीज 24 व्होल्टची, पुढे-मागे चालणारी पायलट गाडी बहुधा 12 ची. 12 व्होल्टचा दिवा ट्रकवर जोडला की जळतो, म्हणून दोन्हींवर चालणारेच दिवे मान्य करा. ‘वॉटरप्रूफ’ कोणीही छापतो. आयपी 67 असा आकडा मागा. त्याचा अर्थ धूळ आत जात नाही आणि मीटरभर पाण्यात अर्धा तास बुडाला तरी दिवा तगतो. स्वस्त एलईडीच्या विद्युत खरखरीने वायरलेस बंद पडतो आणि पायलट गाडीचा आवाजच पोहोचत नाही. त्यासाठी संयुक्त राष्ट्रांच्याच नियम क्र. 10 ची, म्हणजे अशी विद्युत खरखर तपासणारी, चाचणी झालेली असावी.

आणि माल उतरवून परतणारी गाडी दिवा चालू ठेवून धावते, त्याला दंड लावा. रिकाम्या गाडीवर रोज पिवळा दिवा पाहणारा माणूस भरलेल्या गाडीलाही तसाच बाजूने काढणार.

हे सगळं करायला खर्च येईल, असं मालक म्हणतील. येईल. ज्या मालासाठी रस्ता अडवायचा, वीजतारा उचलायच्या, त्याच्या वाहतुकीत चार चांगल्या दिव्यांचा खर्च शोधूनही सापडायचा नाही.

शेवटी तपासणीबद्दल. ती सध्या आवारात, दिवसाउजेडी, हाताच्या अंतरावरून होते. दिवा लागतो का पाहिलं की शिक्का. ती अंधार पडल्यावर, माल चढवून, गाडीच्या 200 मीटर मागे उभं राहून व्हावी. तिथून मालाची डावी आणि उजवी कड तपासणाऱ्याला बोटाने दाखवता आली, तरच गाडी सोडावी.

कळावे,
आपला,
ट्रेलरांचं वायरिंग करणारा एक कारागीर