ताडोबा सहल : कॅमेरावाल्या सभासदांसाठी

मोहर्ली गेटवर बुकिंगला दिलेलं ओळखपत्रच मूळ स्वरूपात लागेल. कोअरमध्ये (जंगलाच्या गाभा क्षेत्रात) मोबाइलला बंदी आहे, त्यामुळे ‘फोनवर काढू’ म्हणणाऱ्यांनी साधा का होईना, कॅमेरा आणावा. फ्लॅश बंद.

ट्रायपॉड घरीच राहू द्या. जिप्सीतून उतरता येत नाही आणि आत तो उभा राहत नाही. बीनबॅगची रिकामी पिशवी आणा, दीड-दोन किलो तांदूळ चंद्रपुरात भरून घेऊ. ती गाडीच्या दांड्यावर ठेवून लेन्स टेकवा, पण आधी चालकाला इंजिन बंद करायला सांगा. थरथरीने फोटो हलतो आणि बोल मात्र लेन्सला लागतो.

चालत्या वाघाला शटर १/१००० सेकंद ठेवा, बसलेल्याला १/२५० पुरे. पहाटे ऑटो आयएसओची (कॅमेरा आपोआप वाढवतो त्या प्रकाश-संवेदनशीलतेची) मर्यादा ६४०० करा. दाणेदार फोटो निभावतो, हललेला नाही. गवा फ्रेमभर असेल तर एक्स्पोजर (फोटोचा उजेड) -०.७ करा, नाहीतर काळा गवा राखाडी येतो.

मे महिन्यात दुपारी तापलेल्या रस्त्यावरची हवा लहरते, लांबचा वाघ कितीही भारी लेन्सने मऊच, म्हणजे अस्पष्ट येतो. तेव्हा जवळचं टिपा. तलावाचं दृश्य सकाळच्या फेरीतच घ्या. धुळीमुळे लेन्स गाडीत बदलू नका. कॅमेऱ्याच्या दोन बॉडी नसतील तर एकच झूम लावून बसा.